तीन पायांचं झाड

"मल्हारराव, तुमच्याकडं काही मेलंय का?"

द्वारकाबाईंनी हे सकाळी जिन्यात विचारलं. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातानं पदर नाकाला. त्या आमच्या समोरच्या खोलीत राहतात, मनात आलं की विचारतात, त्यामागं खोट नसते. तरी ते वाक्य माझ्या पाठीतून सरसरत खाली गेलं. वासाचा विषय कुणी काढला की माझ्या काखा आपोआप मिटतात आणि मी अर्धं पाऊल मागं सरकतो. पन्नाशी आली तरी सरकतो. शाळेत मास्तर मला खिडकीशी बसवायचे, मेंढराचा वास येतो म्हणून. वारा आला की तो वास वर्गभर पसरायचा, मग मला दाराशी हलवायचे. असा खिडकीतून दारात आणि दारातून खिडकीत हलत हलत मी चौथी पास झालो. मास्तरांना काही झालं नाही. असल्या मास्तरांना कधीच काही होत नाही, निरोप समारंभात शालच मिळते. तर त्या जिन्यात क्षणभर मी पुन्हा खिडकीशी बसलो, आणि पुढच्याच क्षणी डोक्यात लख्ख उजाडलं की वास येतोय म्हणजे काय झालंय. मला उभ्या उभ्या हसू फुटलं.

"मेलं नाही मावशी," मी म्हणालो, "पिकलंय."

"काय पिकलंय? नाक जळालं माझं."

मला स्वतःला वास येत नव्हता. कंपनीनं मला सोयगावकडं एका कापसाच्या जिनिंगच्या मशिनी खोलायला पाठवलं होतं, हंगाम नसताना त्या दुरुस्त करतात. तिथं छपराला, भिंतीला, बोल्टाच्या आट्यांत जुन्या सरकीची धूळ बसलेली असते आणि माणूस परततो तो नाकात गादी भरून. काल परतलो तेव्हा घरमालकांनी गच्चीला कुलूप लावलं होतं. रात्रभर मी त्या कुलपाचा विचार करत पडून होतो. आता कुलूप उघडलेलं होतं, आणि मी ब्रश तोंडात तसाच ठेवून दोन-दोन पायऱ्या चढत होतो. वर माझं ड्युरिअनचं झाड होतं, त्याला एक फळ होतं, आणि ते फळ पडलं होतं. आपणहून पडलं होतं. तसंच पडायला हवं होतं.

ड्युरिअन म्हणजे दिसायला फणसाचा भांडखोर चुलतभाऊ. काटे असे की हातात घेऊन लाड करता येत नाहीत, आणि वास असा की विचारायची सोय नाही. या फळासाठी दमट हवा लागते, रोज पाऊस लागतो. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि मे महिन्यात कुत्री नाल्याच्या पायपात झोपतात. मग हे झाड इथं का, असं सगळ्यांनी विचारलं. कंपनीतल्या साहेबांनी विचारलं, मेहुण्यानं विचारलं. त्यांना मी सांगितलं, हौस. खरं कुणाला सांगितलं नाही, कारण खरं सांगायला जिन्याएवढा वेळ पुरत नाही.

आमच्यात झाडं लावत नाहीत. लावायची बंदी आहे असं नाही, पण झाड लावायला माणूस एका जागी राहावा लागतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उभ्या जन्मात मेंढरांसाठी हजारो फांद्या खाली ओढल्या, बाभळीच्या शेंगा झोडल्या, आकडीनं आभाळ ओरबाडलं, पण एक रोप मातीत खोचलं नाही. खोचून करायचं काय? दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर, मागं मेंढरं, पुढं वाट. मोहर यायच्या दिवसांत आमचा तळ एका आमराईच्या कडेला पडायचा. मोहर गळायच्या आत तो उठायचा. आंबा हे फुलांचं झाड आहे असं मी लई दिवस समजत होतो. पुढं पाचोडच्या बाजारात एका बाईच्या पाटीत आंबे बघितले आणि आईला विचारलं, हे कशाचं? आई हसली, मग तिनं मला दुसरीकडं ओढून नेलं.

आणि रानवाले. त्यांना मेंढरं हवी असायची, आम्ही नको असायचो. रानात मेंढरं बसवून घ्यायची, लेंड्या-मूत जमिनीत जिरवून घ्यायचं, आणि उजाडलं की, चला, उठा आता, पुढं व्हा. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं आज तिमजली घरं उभी आहेत तिथं ज्वारीची रानं होती, आणि त्यांतल्या काहींत माझ्या आजाची मेंढरं बसलेली आहेत. म्हणजे या मजल्यांच्या पायात आमच्या लेंड्या आहेत. हे मी एकदा काकासाहेबांना तोंडावर सांगितलं. काकासाहेब आमचे घरमालक, बापजाद्यांच्या जमिनीचे प्लॉट झाल्यावर त्यांतल्या एकावर ही इमारत बांधून खालच्या मजल्यावर राहतात. ते शांतपणे म्हणाले, "मग भाडं आम्हीच द्यायचं का तुम्हाला?" माणूस विनोदी आहे. विनोदी घरमालक जास्त धोक्याचा, त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

शहरात आल्यावर आम्ही थांबलो असं लोकांना वाटतं. कसले थांबलो. घोड्याच्या जागी टेम्पो आला, एवढंच. किती खोल्या झाल्या ते माझ्या बायकोला, मनकर्णाला विचारा. ती खोल्या नळावरून ओळखते. पाणी पहाटे येणारी, पाणी न येणारी, शेजारणीची मिनतवारी करावी लागणारी. दर अकरा महिन्यांनी करार, आणि कराराच्या वेळी घरमालकाच्या चेहऱ्यावर तेच रानवाल्याचं उजाडणं. पुढं व्हा.

तर कंपनीत एक केरळी वेल्डर होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाईलवर त्याच्या गावचं दाखवलं. प्लास्टिकचा निळा ड्रम, त्यात छातीइतकं झाड, आणि त्या झाडाला माणसाच्या डोक्याएवढी काटेरी फळं लटकलेली. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, बीचं झाड दहा-बारा वर्षं बसवून ठेवतं, कलम लवकर देतं, आणि कलमाला जास्तीची मुळं जोडली की आणखी लवकर, तिसऱ्या-चौथ्या वर्षीच. तो पुढं चव, भाव, जाती असं काय काय सांगत होता. मला ते ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट भोवऱ्यासारखी फिरत होती. उचलून नेता येणारं झाड. कुणी पुढं व्हा म्हणायच्या आत फळणारं झाड. जगात असं झाड असेल तर ते आमच्यासाठीच केलेलं असणार, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीहून येताना त्यानं एक कलम आणि दोन रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. तिन्ही एका ड्रमात लावायची. रोपं वाढली की त्यांचे शेंडे तिरके कापायचे, कलमाच्या खोडाला खाच पाडायची, शेंडे त्या खाचेत बसवायचे आणि प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधायचं. जोड धरला की एका झाडाला तीन मुळं. मी गच्चीत हे बांधत होतो तेव्हा आप्पा काठी टेकत आले. शहरात आल्यापासून आप्पा कशातच लक्ष घालत नव्हते. गॅलरीत खाट टाकून, घोंगडी गुडघ्यावर घेऊन, खाली रस्त्यावरच्या रिक्षा मोजल्यासारख्या बघत बसायचे. ते वाकले, तिन्ही खोडांवरून बोट फिरवलं.

"ह्या दोन कोन?"

"आया आहेत. दूध पाजणाऱ्या."

"अन् हे कोकरू?"

"हां."

"मंग आसं म्हण की. येकीला पान्हा कमी आसला की दोघीतिघींना लावतोच आपण." आणि ड्रमच्या कडेवर बसून त्यांनी मला पट्टी सोडून पुन्हा बांधायला लावली. "इतकं आवळतात व्हय? मरंल ना ते."

त्या दिवसापासून झाड त्यांचं झालं. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. हिरवी जाळी टाकली, ओली गोणपाटं लटकवली, तरी वारा भट्टीतून आल्यासारखा. शेवटी मी घरातला कूलर उचलून गच्चीवर नेला. मनकर्णा दारात उभी राहून बघत होती. "न्या," ती म्हणाली, "मलाबी ड्रमात लावा म्हंजी मलाबी वारं लागंल." पण धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी ती बादलीत वेगळं काढून ठेवायला लागली. मंत्री लोक खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप ठेवतात, ते पेपरात येतं. मनकर्णाची बादली कुठं यायची?

फुलं आली ती तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत. खोडाला आणि जाड फांद्यांना झुपके, आणि उमलतात दिवस बुडाल्यावर. ड्युरिअनच्या मूळ देशात वटवाघळं येतात म्हणे परागाला. आमच्याकडं वटवाघळं आहेत, पण त्यांना हे कोण सांगणार? मी दाढीचा ब्रश घेतला. आप्पा बॅटरी धरून. एका फुलातून दुसऱ्या फुलात, हळू, श्वास धरून. खालून काकासाहेबांचा आवाज आला, "काय चाललंय वर?"

"मेंढीला मेंढा दावतोय," आप्पांनी वरून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी मला गाठून गंभीरपणे विचारलं, गच्चीत जनावरं तर नाहीत ना ठेवली? मी म्हणालो, नाहीत. ते म्हणाले, आप्पा तर म्हणत होते.

धरलेल्या फळांतली बरीच सुपारीएवढी असताना गळाली. एक राहिलं. लिंबाएवढं झालं, नारळाएवढं झालं. आणि तेव्हाच काकासाहेबांनी सांगितलं की वर मजला चढवायचाय, महिनाअखेरीला गच्ची मोकळी पाहिजे, खोलीसुद्धा. म्हणजे मिस्त्री-मजुरांना राहायला होईल. ते रीतसर, सभ्यपणे बोलले. मला त्यांची कॉलर धरायची होती. वेल्डरला फोन लावला तर तो म्हणाला, फळाला हात लावू नको, कापू नको, ते पिकलं की स्वतः पडतं, आणि त्याच्या आधी ड्रम हलवला तर सगळं गेलं. मग मी फळाखाली कांद्याची जाळीची गोणी बांधली, झेलायला. चिकलठाण्याकडं एक खोली बघितली, पुढं अंगण असलेली. रविवारचा टेम्पो सांगितला. आणि रोज त्या काट्यांकडं बघत होतो. जन्मभर मोहराखालून उठलो, या एका खेपेला तरी मला बसू दे. देवाला मी असलं कधी मागत नाही. झाडाला मागितलं.

मी गच्चीत पोचलो. जाळीची गोणी रिकामी होती. फळ नव्हतं. खाली नव्हतं, ड्रममागं नव्हतं, पाण्याच्या टाकीखाली नव्हतं. फांदीला बोटभर देठ होता, आणि तो तुटलेला नव्हता, कापलेला होता. तिरका, स्वच्छ, धारेच्या हत्यारानं. तोंडातला फेस मी तिथंच थुंकलो. गच्चीच्या त्या टोकाला काकासाहेब मिस्त्रीला घेऊन दोरी धरत होते, कॉलम कुठं येणार ते बघत. मला दोरी दिसली आणि डोळ्यापुढं लाल झालं.

"काकासाहेब, फळ कुठंय?"

"कोणतं फळ?"

"दुसरं कोणतं आहे इथं?"

"अहो, त्या साळिंदराला हात लावीन का मी?" ते म्हणाले. मिस्त्री हसला. त्यानं हसायला नको होतं.

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही, पण आजाच्या मेंढरांपासून नळाच्या वेळेपर्यंत सगळं आलं. तुम्हा लोकांना आमच्या लेंड्या चालतात, आम्ही चालत नाही, असं मी म्हणालो. महिनाभर कळ काढवली नाही तुमच्यानं, असं म्हणालो. काकासाहेबांनी दोरीचं टोक खाली ठेवलं. त्यांचा चेहरा भांडणाऱ्याचा नव्हता, दुखावलेल्याचा होता, आणि त्याचा मला आणखीच राग आला. ऐन वेळी यांना दुखावता येतं, ही पण एक जमीनदारीच.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐका. चोरलं असतं तर वास माझ्या घरातून आला असता. तो येतोय तुमच्या गॅलरीतून. पहाटेपासून. सभ्यपणा म्हणून मी बोललो नव्हतो."

आम्ही खाली उतरलो, मी पुढं, ते मागं, त्यांच्यामागं बोलावलं नसताना मिस्त्री. द्वारकाबाई दारात उभ्याच होत्या. मनकर्णा ओट्यापाशी अगरबत्ती लावत होती. "आप्पांची घोंगडीच हाय," ती मला हळू म्हणाली, "किती दिवस झालं धुवू देत नायत. आज तर कहरच." गॅलरीत आप्पा खाटेवर ताठ बसले होते, आणि घोंगडी त्यांच्या मांडीत होती. नुसती पडलेली नव्हती, खोळ करून, तोंड आत दुमडून, पोटाशी धरलेली होती. आणि आता, सरकीची धूळ भेदून, तो वास मलाही आला. जुना कांदा, नासलेलं दूध, गूळ, लोकर. सगळं एकदम.

"आप्पा," मी म्हणालो, "कापलंत?"

"व्हय."

"का?"

"तळ हालायचा म्हणला ना तू?"

"म्हणलो."

"मंग? चालता न येणारं पिल्लू मागं टाकून जात्यात व्हय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच काही विसरलोय. "तू सोयगावला. हे लोक दोऱ्या घेऊन रोज वर. म्हणलं घ्यावं खोळीत. उबंला राहील."

मला संतापानं ओरडायचं होतं. त्यांना वेल्डरचं सांगितलं होतं मी, हात लावायचा नाही, पडू द्यायचं. ते त्यांनी ऐकलंही होतं. पण तळ हलायचा म्हटल्यावर त्यांच्या आत जे हलतं त्याला वेल्डर काय करणार? आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू सकाळी वाट चालू शकत नाही. त्याला घोंगडीच्या खोळीत घालतात, पाठीशी बांधतात, आणि निघतात. माझा ताप उतरत नव्हता त्या साली मीही त्या खोळीत होतो. एका बाजूला मी, एका बाजूला कोकरू. ते माझा कान चोखत होतं, सगळी वाट. कान ओला, गरम. बाहेर गार वारं, आणि वर-खाली, वर-खाली आप्पांची पाठ. हे मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मास्तर आठवत होते रोज, आणि हे नाही. मला माझाच राग आला, आणि तो फार वेळ टिकला नाही.

"उघडा," मी म्हणालो.

आप्पांनी खोळ उलगडली. फळ एका शिवणीवर उललं होतं. मनकर्णानं विळी आणली, जुनं धोतर आणलं, काटे धोतरात धरून मी ताकद लावली. कवच तडकत उघडलं. कच्चंच कापलं होतं ते, आणि तसंच निघालं. बाकीच्या कप्प्यांत पांढरे, टणक गरे, कच्च्या बटाट्यासारखे. फक्त उललेल्या शिवणीचा कप्पा पिकला होता. पिवळा, सायीसारखा, बोट लावलं की दबणारा. सगळे वाकून बघत होते.

पहिला गरा आप्पांना दिला. त्यांनी तो दात नसलेल्या हिरड्यांत फिरवला, डोळे मिटले. "चिकाचा खरवस," ते म्हणाले. "पैल्या दिवसाचा." मनकर्णानं जिभेच्या टोकानं बघितलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा बघितलं. "खव्यात कांदा पडला कुणाचा तरी," ती म्हणाली, आणि राहिलेला खाऊन टाकला. पांढऱ्या गऱ्यांची भाजी करीन, फणसासारखी, असंही म्हणाली. द्वारकाबाईंनी लांबूनच हात जोडले. मी खाल्लं. काय वाटलं ते लिहायला मी बसलो खरा, पण चवीचे शब्द माझ्याकडं कमी आहेत, ते आंबे खाऊन वाढलेल्यांकडं असतात. मऊ होतं. गोड होतं, आणि गोडाच्या मागं काहीतरी रानटी. मला वाटलं होतं रडू येईल. तसं काही झालं नाही. मला कडाडून भूक लागली.

काकासाहेब उंबऱ्याच्या पलीकडं रुमाल नाकाला लावून उभे होते. गेले नव्हते. मी एक गरा त्यांच्यापुढं धरला. शिव्या घातल्या होत्या म्हणून नव्हे, माफी मागायला तर मुळीच नव्हे. दारात उभ्या माणसाला दिल्याशिवाय आमच्यात खात नाहीत, म्हणून. त्यांनी रुमाल काढला, श्वास धरला, गरा तोंडात टाकला. मग त्यांनी फळाकडं बघितलं. त्या कप्प्यात आता काही नव्हतं.

"हे एकच होतं?" त्यांनी विचारलं.

"एकच."

बी गालात धरून ते उभे राहिले. मिस्त्रीला म्हणाले, तू हो पुढं. मग मला म्हणाले, "मल्हारराव, मजल्याची काही घाई नाही तशी. पावसाळा तोंडावर आलाय. झाड राहू द्या वर. तुम्हीपण राहा की."

राहा की. हे दोन शब्द ऐकायला आमच्या किती पिढ्या रानांच्या कडेला उभ्या होत्या, मला माहीत नाही. माझ्या बापाला कुणी म्हणालं नाही, आजाला कुणी म्हणालं नाही. मला वाटत होतं की कधी कुणी म्हणालं तर मी तिथंच मटकन बसेन. आणि आता माझ्या बोटांना पिवळं लागलेलं होतं, पोटात फळ होतं, आणि ते शब्द चांगले वाटले, फक्त चांगले. मी वरती ड्रममधल्या त्या तीन बुंध्यांचा विचार केला, चिकलठाण्याच्या खोलीपुढचं अंगण किती लांब-रुंद आहे त्याचा विचार केला.

"नाही काकासाहेब," मी म्हणालो. "रविवारी निघतो आम्ही. टेम्पो सांगितलाय."

"तुमची मर्जी." ते खाटेच्या कडेवर बसले, आप्पांच्या शेजारी, पहिल्यांदाच. गालातली बी या बाजूची त्या बाजूला केली. "पण पुढच्या साली पुन्हा धरलं तर आम्हाला कळायचं कसं?"

"वास येईल की," आप्पा म्हणाले. "वारं तिकडून आसलं म्हंजी."